तुमच्या नावावर माझं रक्त

अक्का, रागावून लिहायला बसले आहे, आधीच सांगते. गेलेल्या माणसावर रागावू नये असा रिवाज आहे आणि आपल्या ओसरीवर आलेल्या प्रत्येकानं तो पाळला. अक्कासारखी बाई होणे नाही, अक्काच्या हाताला चव होती, अक्कानं कधी कुणाचं मन दुखावलं नाही. मेल्या म्हशीला मणभर दूध, दुसरं काय! मन दुखावलं नाही म्हणे. मला विचारा ना. नवी नवरी असताना माझी पहिली पुरणपोळी तुम्ही, माझ्या थोरल्या जाऊबाईंनी, ताटात धरून साऱ्या पाहुण्यांना दाखवलीत, "आमच्या मास्तरणीनं भारताचा नकाशा लाटलाय." तेव्हापासून या घरात मी मास्तरीण झाले. शाळेतून निवृत्त झाले तरी तुमच्या तोंडातून काही ते नाव गेलं नाही.

ते सगळं गोड बोलणं मी ऐकून घेतलं असतं. पण प्रत्येक जण उठता उठता एक वाक्य टाकून जातो आणि तिथं माझं डोकं फिरतं. "त्या गोळ्यांनी खाल्लं बिचारीला." अहो, कुठल्या गोळ्यांनी? खरं काय झालं ते दोघींनाच ठाऊक होतं. एक तुम्ही गेलात. जाताना दुसरीच्या तोंडाला शपथेचं कुलूप घालून गेलात. त्या कुलपाचं मी काय केलं, ते तुम्हाला कळायला हवं.

पाय सुजायला लागले तेव्हा तुम्ही म्हणालात, उभं राहून राहून झालं असेल, शेवंतीची खुरपणी चालली आहे ना. मग पोट फुगलं, तपासण्या झाल्या आणि हिपॅटायटिस सी असं निघालं. यकृत कडक झालेलं, पांथरी सुजलेली. प्रकाशच्या बाळंतपणात तुम्हाला रक्ताच्या दोन पिशव्या चढवल्या होत्या, बहुधा तेव्हाच हा विषाणू शिरला असावा, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. म्हणजे इतकी वर्षं तो तुमच्या आत गुपचूप बसून राहिला आणि तुम्ही आमची धुणी, भांडी, दुखणी उपसत राहिलात. या गोष्टीचा मला इतका राग येतो की तो कुणावर काढावा हेच समजत नाही.

मग एकलहऱ्याच्या आपल्या वन्सं आल्या. पिशवीत स्वतःचा पेला. चहा नको म्हणाल्या, पाणी आपल्याच बाटलीतलं प्यायल्या. एका ताटात जेवल्यानं, एका पेल्यानं हा आजार लागत नाही, हे डॉक्टरीणबाईंनी दोनदा सांगितलं होतं, मी वन्संना तिसऱ्यांदा सांगितलं. त्या म्हणाल्या, "तसं नाय गं, पण आपली काळजी आपण घ्यावी." तुम्ही ते ऐकलंत आणि दुसऱ्या दिवसापासून आपलं ताट वेगळं घासायला लागलात. मी भांडले तुमच्याशी. मुद्दाम तुमच्या ताटातला घास उचलून खाल्ला. तुम्ही माझ्या हातावर चापट मारलीत. आता तेराव्याला त्याच वन्सं सगळ्यात मोठ्यानं रडल्या. मी त्यांना पाणी नेऊन दिलं, तुमच्या पेल्यातून. प्यायल्या गटागटा.

सरकारी दवाखान्यात औषध सुरू झालं तो दिवस मला स्वच्छ आठवतो, कारण पुढचं सगळं पाप त्या दिवशी पेरलं गेलं. डॉक्टरीणबाई तरुण, पण बोलणं नीट. तीन महिने औषध. एक मोठी गोळी रोज एकदा, ती मुख्य. दुसरी रिबाविरिन, सकाळ-संध्याकाळ. "या दुसऱ्या गोळीनं तांबड्या पेशी फुटतात. तुमचं हिमोग्लोबिन उतरणार, हे मी आजच सांगून ठेवते. दर दोन आठवड्यांनी रक्त तपासायचं. दहाच्या खाली गेलं की आपण हिचा डोस कमी करू. साडेआठच्या खाली गेलं तर ही बंद करू, मोठी चालू ठेवू. दम लागला, छातीत दुखलं, चक्कर आली, तर तारखेची वाट बघायची नाही." तुम्ही मान डोलावलीत. एवढ्या बोलण्यातला एकच शब्द तुमच्या कानात राहिला. बंद.

दवाखान्यातून घरी येताना रिक्षात तुम्ही म्हणालात, "तीन महिने म्हंजी सोळा सोमवारासारखंच झालं की. एक चुकला का पयल्यापासून." मी हसले. हसायला नको होतं. तिथंच, त्या रिक्षातच, नीट समजावून सांगायला हवं होतं की अक्का, हे व्रत नाही, इथं कमी केलं म्हणून मोडत नाही. आयुष्यभर पोरांना शिकवलेली बाई मी. तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी फळ्यावर रंगीत खडूनं काढलेल्या. पण तुमच्या पोथीतल्या हिशेबाला हात लावायची मला कधी हिंमत झाली नाही. तुम्ही गोळ्या देवघरात ठेवल्यात, अंघोळ करून, पूर्वेला तोंड करून घ्यायला लागलात. मला ते गोड वाटलं. गोड कसलं, कपाळ माझं.

पहिल्या तपासणीत अकराच्या पुढं होतं. दोन आठवड्यांनी दहा पॉइंट दोन. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "उतरतंय, पण अपेक्षेप्रमाणे. पुढच्या वेळी बघू." तुम्ही मात्र हादरलात. लगेच बीट आलं, खजूर आला, गूळ-शेंगदाणे आले. कुणीतरी पपईच्या पानांचा रस सांगितला, तोही प्यायलात, तोंड वेडंवाकडं करून. लोह कमी पडलेलं नाही, पेशी फुटताहेत, बीट खाऊन त्या फुटायच्या थांबणार नाहीत, असं त्या बाईंनी सांगितलं होतं. पण सांगणारी एक आणि सुचवणारे पन्नास. मळ्यात येणारा-जाणारा प्रत्येक जण वैद्य झाला होता.

आणि मग नवरात्र लागलं. आपल्याकडं नवरात्र म्हणजे झेंडू. दसऱ्याला सगळ्या नाशकाला तोरण लागतं आणि आपला अर्धा मळा त्याच्यासाठी असतो. तुमचे नऊ दिवसांचे उपास, लग्नापासूनचे, कधी चुकले नाहीत. औषध चालू असताना उपास नाही, असं मी ठणकावून सांगितलं. तुम्ही ऐकेनात. शेवटी तोडगा तोच निघाला जो या घरात नेहमी निघतो. तुमच्या वाटचा उपास मी धरला.

आपल्या दोघींचं हे जुनं आहे. माझी बदली पेठकडच्या डोंगरातल्या शाळेत झाली होती, तेव्हा माझी हरितालिका तुम्ही धरायचात, तुमची वेगळी आणि माझी वेगळी, दोन वेळा वाळूची पिंड करून. माझ्या पोरीला शाळेत "आई कोण?" विचारलं की ती तुमच्याकडं बोट दाखवायची. पालकसभेला माझ्या नावापुढं तुमची सही असायची, वेडीवाकडी, पण माझ्या नावाची. वटपौर्णिमा, संक्रांतीची वाणं, सासूबाईंचं दुखणं, जिला जमेल तिनं दुसरीच्या वाटचं करायचं. देवाला चालतं, असं तुम्ही म्हणायचात. मी या घरात टिकले, नोकरी करू शकले, ती या तुमच्या वाक्यावर. हे मी तुम्हाला कधी बोलून दाखवलं नाही. आज लिहिते आहे, तर नेमका याच वाक्यावर माझा सगळ्यात जास्त राग आहे.

चौथ्या माळेला तपासणी होती. दवाखान्यात रांगेत उभं राहायचं नाही, दसऱ्याची कामं आहेत, म्हणून तुम्ही खासगी लॅबवाल्या ताईंना घरी बोलावलंत. त्याच्या आदल्या दिवसापासूनच तुमचं काही ठीक नव्हतं. गोठ्यापासून ओसरीपर्यंत येताना तुम्ही दोनदा थांबलात. माळ ओवताना सुई खाली ठेवून श्वास घेत होतात. नखं पांढरी, पापणीच्या आतलं पांढरं. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला. तर तुम्ही दार लोटून घेतलंत आणि माझा हात धरलात.

"मास्तरीण, आज माझं रक्त नगं. तुझं दे."

"काय बोलताय?"

"कमी निघलं का ती पोर गोळी बंद करील. निम्मं झालंय गं माझं. पुन्हा पयल्यापासून नाय व्हायचं माझ्याच्यानं."

"अक्का, हे असलं करत नसतात. तपासणी आहे ती."

"उपास तुझा चालतो ना माझ्या नावावर? मंग रक्तानं काय घोडं मारलंय? दसरा झाला का जाऊ, मंग माझंच देते. तुला माझ्या गळ्याची आण हाय. कुणाला बोलायचं नाय."

बाहेर स्कूटर थांबली. ताई आत आल्या, घाईत होत्या, कागदावरचं तुमचं नाव वाचून म्हणाल्या, "सुमनबाई कोण?" तुम्ही स्वयंपाकघराच्या दारातून म्हणालात, "या काय बसल्या." आणि मी बाही वर केली. त्या ताईंना मी दोष देत नाही. साठीच्या दोन बायका, सारख्याच रंगाची लुगडी, एकीनं हात पुढं केला. चूक कुणाची ते मला पुरतं माहीत आहे. तुमची बुद्धी फिरली होती, दमानं आणि भीतीनं. माझी शाबूत होती. तुमचा हट्ट मोडला तर तुम्ही माझ्याशी बोलणार नाही, एवढ्या क्षुल्लक भीतीनं मी हात पुढं केला.

रिपोर्ट आला, हिमोग्लोबिन बारा पॉइंट सात. तुम्ही लहान पोरीसारख्या हसलात. "बघ, मास्तरणीचं रक्त!" दुसऱ्या दिवशी मी तो कागद घेऊन तुमच्याबरोबर दवाखान्यात आले, आणि तिथं देवानं आपल्याला शेवटची संधी दिली. डॉक्टरीणबाई हिमोग्लोबिन बघून खूश झाल्या आणि मग खालची ओळ वाचताना थबकल्या. तुमच्या प्लेटलेट पहिल्यापासून कमी, ऐंशी हजारांच्या आसपास. या रिपोर्टात अडीच लाखांच्या वर. "हे कसं काय?" तुम्ही पटकन म्हणालात, "पपईचा रस पेते मी." त्या म्हणाल्या, "पपईनं असं होत नसतं. मला हा रिपोर्ट बरोबर वाटत नाही. आज इथंच पुन्हा रक्त देऊन जा." तुम्ही म्हणालात, टेम्पो उभा आहे, फुलं सुकतील, उद्या येते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "तुम्ही घेऊन या यांना. उद्या नक्की." मी म्हणाले, हो. अक्का, मी त्या खोलीत उभी होते, खरं माझ्या दंडात होतं आणि मी हो म्हणाले.

उद्या आलाच नाही. उद्या तोडणी होती, परवा गाडी भरायची होती. आठव्या माळेला, उन्हं वर आली होती, तुम्ही बांधावर छातीला हात लावून खाली बसलात. फुलं भरलेल्या टेम्पोतूनच तुम्हाला जवळच्या दवाखान्यात नेलं. तिथं रक्त काढलं, तुमचं स्वतःचं. सहा पॉइंट एक. एवढ्याशा रक्तावर हृदयाला काम झेपलं नाही, असं ते डॉक्टर म्हणाले. पिशवी लावायला घेतली, तोवर तुम्ही थांबला नाहीत. कशासाठीही न थांबणारी बाई, तिथं तरी कशाला थांबेल.

आता या दोन कागदांचं काय झालं ते ऐका. चौथ्या माळेला बारा पॉइंट सात, आठव्या माळेला सहा पॉइंट एक. प्रकाशनं ते एकाशेजारी एक ठेवले आणि त्याला दिसलं ते असं, की धडधाकट रक्त चार दिवसांत निम्म्यावर आलं. त्याच्या जागी मी असते तर मलाही तेच दिसलं असतं. वन्संनी ते गावभर केलं. आपल्या खोटेपणानं एका भल्या औषधाला राक्षस करून ठेवलं, अक्का.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी प्रकाश माझ्याकडं कागद घेऊन आला. त्या डॉक्टरीणबाईंविरुद्ध तक्रार. दोन्ही रिपोर्ट वर टाचलेले. "काकू, जरा वाचून नीट करून द्या. उद्या वरच्या सायबाला देतो, आन पेपरला बी. आईचं रक्त गेलं, त्या बाईची नोकरी गेली पायजे." मी चष्मा लावला. पेन घेतलं. पहिल्या परिच्छेदातली वाक्यं सरळ केली. खोटं कशाला बोलू, तुमच्या लेकानं एका निर्दोष बाईवर लिहिलेला आरोप मी सुबक करत होते.

तेवढ्यात फोन वाजला. नामपूरच्या सिंधूबाई. आठवतात ना, दवाखान्याच्या बाकावर तुमच्या शेजारी बसायच्या, तोच आजार, त्याच गोळ्या, तुमच्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी लहान. तुम्ही त्यांना मोगऱ्याचा गजरा नेऊन द्यायचात. पुढची तारीख विचारायला त्यांनी तुमच्या मोबाईलवर फोन केला होता आणि तो वन्संनी उचलला होता. पुढचं सांगायला नकोच.

"अक्का मरी गई ना," सिंधूबाई रडत होत्या. "आते मी नही खाव त्या गोया. तीन दिन झाले, बंद करी दिन्यात. माले भ्याव लागस."

मोठी गोळीही बंद केली होती. दोन्ही. निम्म्यात आलेलं औषध, बरं होऊ शकणारं यकृत, घरात शाळेत जाणाऱ्या दोन मुली. तुम्ही तर गेलात, आता तुमच्यामागून ही बाई चालली होती, आपल्या दोघींच्या गुपितावर पाय ठेवून. मी फोन खाली ठेवला आणि अंगणात जाऊन प्रकाशला हाक मारली. मोठे भाऊजी खाटेवर बसले होते, त्यांनाही म्हटलं, ऐका.

"प्रकाश, त्या बारा पॉइंट सातचं रक्त माझं आहे. तुझ्या आईचं नाही."

त्याला आधी समजलंच नाही. सगळं सांगितलं, दार लोटण्यापासून दवाखान्यात हो म्हणण्यापर्यंत. "म्हंजी काकू, आईला तुमीच..." त्यानं माझ्या हातातला कागद घेतला, टाचणी काढली, आणि दोन्ही रिपोर्ट वेगवेगळ्या खिशात घालून मळ्याकडं निघून गेला. तेव्हापासून तो माझ्याशी बोललेला नाही. भाऊजी म्हणाले, "ती अडाणी व्हती. तुमी शिकलेल्या ना?" एवढंच. मला कुणी मारलं असतं तर बरं झालं असतं.

डॉक्टरीणबाईंकडं मी एकटी गेले. त्यांनी सगळं ऐकलं, तुमची फाईल काढली, प्लेटलेटच्या त्या आकड्यावर बोट ठेवून बसल्या. म्हणाल्या, "त्या दिवशी मी त्यांना जाऊ द्यायला नको होतं." मला त्यांचाही राग आला. ज्यांनी बरोबर केलं त्यांनीच का म्हणून वाकायचं? मग मी तो प्रश्न विचारला, ज्याचं उत्तर मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. खरं रक्त दिलं असतं तर काय झालं असतं? "काही नाही. ती गोळी कमी केली असती, नाहीतर थांबवली असती. लागली असती तर एखादी पिशवी रक्त दिलं असतं. मोठी गोळी चालू राहिली असती आणि त्यांचे तीन महिने पूर्ण झाले असते."

पूर्ण झाले असते, अक्का. काहीही मोडलं नसतं. सोमवार चुकलाच नसता.

मला तुमची आठवण कशी येते सांगू? भांडायला माणूस नाही म्हणून येते. सकाळी उठले की वाटतं, जाऊन विचारावं, का हो, स्वतःच्या गळ्याची आण घालताना तुमच्या गळ्याखाली काय चाललंय ते तुम्हाला जाणवत होतं ना? मग का? तुम्ही म्हणाला असतात, "मास्तरीण, लय डोकं नको खाऊ." आणि मी गप्प बसले असते, नेहमीसारखी. आता गप्प बसणं संपलं. तुमची आण मोडली. त्याचं पाप लागायचं असेल तर लागू दे, त्याच्यासाठी तरी माझ्या वाटचं तुम्ही काही करायला जाऊ नका.

सिंधूबाईंना मी फोनवर सगळं सांगितलं, काहीही न लपवता. त्या म्हणाल्या, "तू संगे ये. मंग मी येस." उद्या सकाळच्या एसटीनं त्या येताहेत. मी स्टँडवर जाणार आहे, तिथून त्यांना घेऊन दवाखान्यात. हिमोग्लोबिन नऊ निघो, आठ निघो, जे निघेल ते त्यांचं निघेल. सुई टोचताना त्या घाबरतील, माझा हात धरतील, माझ्याकडं बघतील, जसं तुम्ही बघितलं होतंत. मी शेजारीच उभी राहणार आहे, अक्का, दोन्ही बाह्या मनगटापर्यंत खाली ओढून.